गाणारीचा चेहरा

नमस्कार मंडळी.

‘माझ्या आवडत्या गायिका’ हा विषय मला दिला, तेव्हा आयोजकांच्या मनात माणिकताई, आशाताई असणार. मी मात्र बोलणार आहे ती जुन्या अमेरिकन व्हरायटी शोमधल्या, म्हणजे गाणी, नकला, कसरती असं सगळं एकत्र असणाऱ्या टीव्ही कार्यक्रमांतल्या बायकांबद्दल. काहींचे चेहरे पडलेले इथून दिसताहेत, पण माइक आता माझ्या हातात आहे.

मी इथे अमेरिकेत आले ती १९६८च्या फेब्रुवारीत. तोवर टीव्ही पाहिलाच नव्हता. मुंबईत दूरदर्शन सुरू व्हायला १९७२चा ऑक्टोबर उजाडला. आमच्यासाठी गाणं म्हणजे रेडिओ, नाहीतर सिनेमा. आणि सिनेमात गळा लताबाईंचा, ओठ मीनाकुमारीचे. तान घेताना गायिकेच्या भुवया कुठे जातात, श्वास ती कुठे चोरते, हे मैफलीला गेलं तरच कळणार. तिथेही आम्ही मागच्या रांगेत, खांबाआड.

आमची घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायची. शनिवारी वाद्यवृंदवाल्या लॉरेन्स वेल्कचा टीव्ही कार्यक्रम लागला की आम्हा दोघांना खाली बोलवायची. विणकाम मांडीवर, डोळे पडद्यावर. त्यातली गायिका नॉर्मा झिमर गायला लागली की ही बाई सुया थांबवायची. नॉर्मा अगदी नीटनेटकी, एक केस इकडचा तिकडे नाही, आवाजही तसाच. खरं सांगायचं तर मला ती जरा गुळगुळीत वाटायची, पण बोलणार कोण! नॉर्माच्या आधी तिच्या जागी अ‍ॅलिस लॉन होती. गुडघा जास्त दिसला म्हणून वेल्कनं १९५९मध्ये तिला काढून टाकलं, हे मालकिणीनं मला आवाज खाली आणून सांगितलं. माझ्या आजीच्या नऊवारीतून पोटऱ्या दिसायच्या, त्यावर गावात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. आणि ही म्हणे अमेरिका!

रविवारी रात्री आठला एड सलिव्हनचा शो. आधी कसरतवाले, मग एखादा नकलाकार, आणि मध्येच सुप्रीम्स, तीन गायिकांचा गट. तिघींचे हात एका लयीत हलायचे. त्यांच्यातली डायना रॉस गट सोडून निघाली होती; तिचा बाकीच्या दोघींबरोबरचा तिथला शेवटचा कार्यक्रम १९६९च्या डिसेंबरात झाला, तो आम्ही आमच्या जुनाट टीव्हीवर पाहिला. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. मी मात्र बाकीच्या दोघींकडेच बघत राहिले.

पण माझ्या मनातून जात नाही ती ब्रिटिश गायिका पेटुला क्लार्क. १९६८चा एप्रिल. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली तोच महिना. रस्त्यावर जायची भीती वाटावी असे ते दिवस. त्यातल्याच एका रात्री टीव्हीवर पेटुलाचा खास कार्यक्रम होता आणि पाहुणा कृष्णवर्णीय गायक हॅरी बेलाफोन्टे. दोघं युद्धाविरुद्धचं गाणं म्हणत होती, आणि गाता गाता तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. गाण्यात जीव अडकला की माणूस शेजारच्याला धरतोच. पण मालकिणीच्या सुया थांबल्या. ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

पडद्यामागची गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी कळली. चित्रीकरणाच्या वेळी प्रायोजक मोटार कंपनीचा माणूस अडून बसला होता: गोऱ्या बाईचा हात काळ्या पुरुषाच्या हातावर दिसता कामा नये, दोघं लांब उभी असलेलं चित्रण घ्या. पेटुला आणि तिचा नवरा क्लॉड वुल्फ, जो निर्माताही होता, या दोघांनी बाकीची सगळी चित्रणं पुसून टाकायला लावली. उरलं ते एकच, हाताचं. आवाज न चढवता भांडायची ही रीत मला फार आवडते.

गायिका-अभिनेत्री ज्युडी गार्लंडचा शो १९६३-६४चा, म्हणजे माझ्या आधीचा. समोर दुसऱ्या वाहिनीवर ‘बोनान्झा’ ही लोकप्रिय मालिका होती, त्यामुळे सव्वीस भागांतच तो गुंडाळला. पुढे कॅसेटवर पाहिला. त्यात एकवीस वर्षांची गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड पाहुणी म्हणून आली आहे. दोघी दोन वेगवेगळी गाणी एकाच वेळी, एकमेकींत गुंफून गातात. गाणी आनंदाची, आणि ऐकताना घशात आवंढा.

शेर नावाच्या गायिकेच्या कपड्यांवर बोलायचं तर आणखी एक मेळावा भरवावा लागेल, ते सोडते. विनोदी अभिनेत्री कॅरल बर्नेट आपल्या शोचा निरोप घेताना कानाची पाळी ओढायची, ती खूण तिला वाढवणाऱ्या आजीसाठी असायची. हे कळल्यापासून भारतात केलेला फोन ठेवताना मीही कान ओढायची. पलीकडे कुणाला दिसणार होतं म्हणा!

आता शेवटचं. १९८०च्या मे महिन्यात कार्पेंटर्स या गाणाऱ्या भावंडांचा, कॅरन आणि तिच्या भावाचा, टीव्हीवर एक खास कार्यक्रम झाला. कॅरन तीस वर्षांची, शेजारी त्रेसष्ट वर्षांची जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड. एक खालच्या पट्टीत मखमल अंथरणारी, दुसरी सुरांशी लहान मुलीसारखी खेळणारी. पुढे तीन वर्षांच्या आत कॅरन गेली. तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं?

ती क्लिप लावायला सांगितली आहे. दिवे थोडे मंद करता का? आणि मंडळी, एक करा. कॅरन गात असेल तेव्हा एलाकडे बघा.