तांबूस मुळे

(पडद्यावर पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातील भाताचे खाचर दिसते.)

हिवाळा सरताना येथे लावल्या जाणाऱ्या बोरो भाताची तहान पावसाने नव्हे, तर उथळ कूपनलिकांनी भागते, आणि अनेक ठिकाणी त्या पाण्याबरोबर हिमालयातून वाहून आलेल्या गाळातले आर्सेनिकही शेतात उतरते. पश्चिम बंगालमधील आर्सेनिकची विषबाधा कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी 1983 मध्ये ओळखली. तेव्हा काळजी पिण्याच्या पाण्याची होती. ताटातल्या भाताकडे लक्ष गेले ते पुढे.

चिखलणी केलेल्या खाचरात पाणी उभे राहिले, की मातीतला प्राणवायू लवकरच संपतो. मग जिओबॅक्टरसारखे जिवाणू श्वसनासाठी लोहाच्या ऑक्साइडांचा आधार घेतात. ते लोह विरघळते आणि त्याला चिकटून बसलेले आर्सेनिक मोकळे होते. काही जिवाणू आर्सेनिकच्या आर्सेनेट या रूपाचे आर्सेनाइट हे दुसरे रूप करतात, आणि भाताचे मूळ फसते ते नेमके येथे. ताठ उभे राहण्यासाठी लागणारी सिलिका ज्या वाटेने ते आत घेते, त्याच वाटेने आर्सेनाइटही शिरते.

(रोप उपटून त्याची मुळे धुतली जातात.)

मुळांवरचा हा गंजासारखा तांबूस थर पाहा. मुळांतून पाझरणारा प्राणवायू आणि लोहाचे ऑक्सिडीकरण करणारे जिवाणू यांनी तो घडवलेला असून त्यात काही आर्सेनिक अडकून राहते.

आणखी काही सूक्ष्मजीव आर्सेनिकला मिथाइल गट, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचा छोटा अणुसमूह, जोडतात. भाताच्या रोपाला हे स्वतः करता येत नाही. दाण्यात सापडणारे डायमिथाइल आर्सेनिक हे मातीतल्या सूक्ष्मजीवांचेच काम असते. माणसाला ते आर्सेनेट-आर्सेनाइटसारख्या कार्बनविरहित, म्हणजे असेंद्रिय आर्सेनिकपेक्षा कमी घातक मानले जाते, रोपाला मात्र ते सोसत नाही. दाणे भरत नाहीत, पोचट राहतात, आणि भाराने लवायला हवी ती लोंबी कापणीपर्यंत ताठ उभी राहते, जी लांबून पाहणाऱ्याला कदाचित जोमदारच वाटेल.

खाचर अधूनमधून सुकू दिले, तर मातीत हवा खेळते, लोह पुन्हा घट्ट होते आणि आर्सेनिकला धरून ठेवते; शिवाय कूपनलिकेचे पाणीही कमी लागते. पण माती फार सुकली, तर कॅडमियम हा दुसरा विषारी धातू मोकळा होऊ लागतो, त्यामुळे हा उपाय सरसकट सुचवता येत नाही.

(खाचरात रोवलेली भोके पाडलेली नळी जवळून दिसते.)

या नळीतले पाणी जमिनीखाली 15 सेंटिमीटरपर्यंत उतरले, की शेतकरी पुन्हा पाणी सोडतो. फुलोऱ्याच्या दिवसांत मात्र त्याला पाणी उभेच ठेवावे लागते.