लिंडहर्स्टचे सरदार

(दृश्य: न्यू जर्सी टर्नपाइक. दोन्ही बाजूंना दलदल, उंच गवत, दूरवर मॅनहॅटनच्या इमारती.)

एडिसनहून टर्नपाइक महामार्ग धरून उत्तरेला निघालं की तासाभरात मेडोलँड्सची दलदल लागते. त्या दलदलीच्या कडेला, गोदामं आणि ऑफिसांच्या शेजारी, लिंडहर्स्ट गावात एक किल्ला आहे. बुरूज आहेत, कंगोरे आहेत, निशाणं आहेत. बांधणी १९९० सालची. म्हणजे गाडी चालवणारे बाबा या किल्ल्यापेक्षा वयाने मोठे.

मागच्या सीटवर दोन मुलं आणि उन्हाळ्यापुरती सांगलीहून आलेली आजी. आजीने रायगड पायऱ्या चढून पाहिलेला आहे. पार्किंगमधून दहा पावलांत दरवाजा गाठता येणारा किल्ला ती पहिल्यांदाच बघते आहे.

"अरे, तोफा कुठंयत?"

"आजी, हे अकरावं शतक आहे. तोफा नव्हत्या तेव्हा."

नातवाचं बरोबर आहे. मात्र आज संध्याकाळी या किल्ल्यात त्या शतकाचं फारसं काही सापडणार नाही.

(दृश्य: दालन. गर्दी. काउंटरवर कागदी मुकुट वाटले जात आहेत.)

या खेळाचं नाव मेडिईव्हल टाइम्स, म्हणजे मध्ययुगाचा काळ. मूळ स्पेनमधल्या मायोर्का बेटावरचं. पर्यटकांना जेवता जेवता घोडेस्वारांच्या लढती दाखवायची ही कल्पना १९८३ साली अमेरिकेत आली, फ्लोरिडातल्या किसिमी गावात, डिस्नी वर्ल्डच्या शेजारी. आज असे नऊ किल्ले अमेरिकेत आहेत आणि एक कॅनडात, टोरांटोला.

आत शिरताच डोक्यावर रंगीत मुकुट येतो आणि मुकुटाबरोबर पक्षही ठरतो. रिंगणाभोवती सहा रंगांचे सहा विभाग, प्रत्येक विभागाचा एक नाइट, म्हणजे चिलखत घातलेला घोडेस्वार सरदार. आपल्याला पिवळा मिळाला. आता दोन तास पिवळ्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि समोरच्या हिरव्याची हुर्यो उडवायची. कारण विचारायचं नाही. आयपीएल पाहणाऱ्या घराला हे शिकवावं लागत नाही.

सिंहासनावर राणी आहे. २०१८पर्यंत तिथे राजा बसायचा, मग कंपनीने कथानक बदललं. काहींना ते आजच्या काळाचं लाड करणं वाटलं. पण स्पेनमध्ये लिओन आणि कॅस्टिलच्या गादीवर ११०९ साली उराका नावाची राणी खरोखर बसली होती आणि तिने स्वतःच्या अधिकाराने सतरा वर्षं राज्य केलं. अख्ख्या नाटकात इतिहासाच्या सगळ्यात जवळ जाणारा भाग बहुधा हाच.

(दृश्य: ताटं येतात. वाफाळतं सूप, भाजलेली अर्धी कोंबडी, मक्याचं कणीस, बटाटा.)

कारण जेवण बघा. टोमॅटोचं सूप, मक्याचं कणीस, भाजलेला बटाटा. तिन्ही पिकं अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, त्याआधी युरोपातल्या कुठल्याच राजाने यातलं काही चाखलेलं नव्हतं. अकराव्या शतकातल्या स्पॅनिश सरदारासमोर हे ताट ठेवलं असतं, तर त्यातली फक्त कोंबडी आणि पाव त्याच्या ओळखीचे निघाले असते. आपणही हसायला नको. टोमॅटो-बटाट्याशिवाय सण साजरा न करणारे आपण, आणि आपल्याकडे ही पिकं पोचली ती युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतूनच.

काटा-चमचा मिळत नाही. आजूबाजूच्या टेबलांवर यावरून केवढा आनंद! लोक हाताने कोंबडी सोलताना एकमेकांचे फोटो काढताहेत. आजी शाकाहारी. तिच्यापुढे बीन्सचा रस्सा आणि भात आलाय. ती कालवून शांतपणे जेवते आहे. शेजारच्या टेबलावरची एक मुलगी तिचा हात कसा चालतो ते टक लावून बघते आहे.

(दृश्य: रिंगण. धूर. एक पांढरा घोडा एकटाच आत येतो.)

आता जे येतंय ते मात्र खरं आहे.

हे अँडालुशियन घोडे. दक्षिण स्पेनची जात. रुंद छाती, कमानदार मान, लांब आयाळ. कंपनीची स्वतःची पैदास टेक्सासमधल्या सँगर गावाजवळच्या रँचवर होते. यातले पांढरे दिसणारे बरेचसे घोडे जन्मतात काळपट रंगाचे आणि वयाबरोबर पांढरे होत जातात. घोडा मागच्या पायांवर उभा राहतो आणि तसाच उडी घेतो. लगाम जेमतेम हललेला दिसतो. बाकी सगळं स्वाराच्या मांड्यांतून आणि बैठकीतून घोड्याला कळतं. या एका उडीमागे वर्षांची मेहनत असते. मोबाइलवर खेळणारा नातू मान वर करतो ती इथे.

मग भाल्याच्या टोकाने लटकती कडी उचलण्याचा खेळ. तो अमेरिकेत खरोखर जिवंत आहे. मेरिलँड राज्याने १९६२ साली जाउस्टिंगला, म्हणजे घोड्यावरच्या भाल्याच्या खेळाला, आपला अधिकृत राज्य-खेळ केलं. तिथे तो भाल्याने कडी टिपण्याच्याच रूपात खेळतात.

आणि मग मुख्य लढती. समोरासमोर दौड, भाला ढालीवर आपटतो, लाकडाच्या चिरफळ्या उडतात, नाइट वाळूत कोसळतो. कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. पण तीस-चाळीस किलोमीटरच्या वेगातल्या घोड्यावरून पडणं हे ठरवून पडलं तरी पडणंच.

(दृश्य: संथ गतीत पडणारा स्वार. निवेदकाचा आवाज खाली.)

अकराव्या-बाराव्या शतकातल्या स्पर्धा अशा नव्हत्याच. ना रिंगण, ना तिकीट. दोन फौजा मैलभर रानात एकमेकांवर तुटून पडायच्या. पकडला गेलेला नाइट खंडणी भरून सुटायचा आणि त्याचा घोडा, त्याचं चिलखत जिंकणाऱ्याचं व्हायचं. सरळ धंदा होता तो. इंग्लंडचा विल्यम मार्शल धाकटा मुलगा, वारशात हाती काही लागायचं नव्हतं. त्याने स्पर्धांवर नशीब काढलं. पाचशे नाइट पकडल्याचं तो मरताना सांगत होता म्हणे. चर्चने ११३० साली क्लेर्मोंच्या परिषदेत या खेळांवर बंदी घातली. कोणी जुमानली नाही.

आपण चित्रांत पाहतो ती नखशिखांत पोलादी चिलखतं आणि दोन स्वारांमधला तो लाकडी कठडा, ही पंधराव्या शतकाची देणगी. त्यानेही जीव वाचायचेच असं नव्हतं. १५५९ साली पॅरिसमध्ये, मुलीच्या लग्नाच्या सोहळ्यात, फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री हौसेने भाला घेऊन उतरला. मोडलेल्या भाल्याची चिरफळी शिरस्त्राणाच्या फटीतून शिरली. दहा दिवसांनी राजा गेला.

(दृश्य: पागा. तरुण मुलं लीद उचलताहेत, घोडे चोळताहेत.)

इथला नाइटही पहिल्या दिवशी नाइट नसतो. आधी मोतद्दारी. पागा झाडायची, घोड्याला खरारा करायचा, खेळात भाले आणून द्यायचे. मग तलवार, मग पडायचं कसं ते शिकायचं. त्यानंतर कधीतरी रंग मिळतो.

आणि पगाराचा प्रश्न विल्यम मार्शलच्या काळाइतकाच ताजा आहे. जुलै २०२२मध्ये याच लिंडहर्स्टच्या किल्ल्यातल्या कलाकारांनी युनियन करायच्या बाजूने मत दिलं. मुद्दे दोन: पगार आणि सुरक्षितता. मागोमाग कॅलिफोर्नियातल्या ब्युएना पार्कच्या किल्ल्याने तेच केलं. तिथले कलाकार २०२३ साली संपावर गेले आणि तो संप कित्येक महिने चालला. राणी आणि सरदार हातात फलक घेऊन फुटपाथवर उभे होते. अमेरिकेचं मध्ययुग पाहायचं तर हेही पाहायला हवं.

(दृश्य: खेळ संपल्यावरचं दालन. नाइट सह्या देताहेत, फोटोसाठी रांग.)

पिवळा हरला. धाकटी रुसली आहे, कारण हिरव्याने तिच्या डोळ्यांसमोर गदा चालवली. तो हिरवा आता घामाने निथळत रांगेतल्या प्रत्येक मुलाबरोबर हसून फोटो काढतो आहे. आजीची पाळी येते. ती नातवाला पुढे करते.

"विचार त्याला, मघाशी पडलास तेव्हा लागलं का?"

नातू विचारतो. नाइट आजीकडे वाकून सांगतो, वाळू मऊ असते.

"आणि घोडा कुठला, त्याचं नाव काय?"

यावर मात्र तो खुलतो. पाच मिनिटं घोड्याबद्दलच बोलत राहतो. मागची रांग कुरकुरते. बाहेर दुसऱ्या खेळाची गर्दी दाराशी आलेली आहे.