खासदाराचा फोन आणि सरकारी वकिलांचं समन्स

वॉशिंग्टन, 20 मे 2006. शनिवारची रात्र. खासदारांची कार्यालयं असलेल्या रेबर्न इमारतीतल्या 2113 क्रमांकाच्या खोलीत एफबीआयचे अधिकारी शिरतात. खोली खासदार विल्यम जेफरसन यांची. लाचखोरीचा तपास चालू आहे. त्यांच्या घरच्या फ्रीझरमध्ये आधीच 90 हजार डॉलर सापडलेत. न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंटही आहे. तरीसुद्धा 2007 मध्ये अपील न्यायालय म्हणालं, ही झडती ज्या पद्धतीनं घेतली ती घटनेत बसत नाही.

अमेरिकी राज्यघटनेनुसार, सभागृहातल्या भाषणाबद्दल आणि चर्चेबद्दल सदस्याला बाहेर कुणीही जाब विचारू शकत नाही. मतदान, समितीचं काम, विधेयकांचे मसुदे हे सगळं त्यात येतं. 1972 च्या निकालानं सहायकांनी केलेलं असं कामही त्यात आलं. लाच मात्र येत नाही, तेही 1972 मध्येच ठरलं. जेफरसन यांच्या खोलीत दोन्ही तऱ्हेचे कागद होते आणि अधिकाऱ्यांनी ते सरसकट चाळले. आधी सदस्याला आपले संरक्षित कागद दाखवून द्यायची संधी हवी, वाद झाला तर न्यायाधीशानं ते बंद दाराआड पाहावेत आणि उरलेलेच सरकारी वकिलांकडे जावेत, असा क्रम न्यायालयानं सांगितला. जेफरसन त्यामुळे सुटले नाहीत; 2009 मध्ये त्यांना 13 वर्षांची शिक्षा झाली. मात्र हा क्रम देशभर चालत नाही. 2011 मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या, अपील न्यायालयानं तो मानला नाही.

खासदार स्कॉट पेरी यांचा फोन ऑगस्ट 2022 मध्ये जप्त झाला. त्यातल्या 2,055 नोंदींपैकी 1,659 सरकारी वकिलांना द्यायच्या, बाकीच्या नाहीत, हे ठरायला डिसेंबर 2023 उजाडला. वेळ लागला, पण पेरींना भांडता तरी आलं.

खरी पळवाट फोन कंपनीत आहे. कुणी कुणाला, कधी, किती वेळ फोन केला याच्या नोंदी कंपनीकडे असतात. त्या मागवायला वॉरंट लागत नाही, ग्रँड ज्युरीचं, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचं, समन्स पुरतं. सोबत न्यायालयाकडून गोपनीयतेचा आदेश घेतला की कंपनी ग्राहकाला कळवू शकत नाही. आणि जे कळलंच नाही, त्यावर हरकत कोण घेणार? गोपनीय माहिती बातम्यांत फुटल्याच्या तपासात न्याय विभागानं अशा रीतीनं 2 खासदार आणि 43 कर्मचाऱ्यांच्या नोंदी मिळवल्या. विभागाच्याच महानिरीक्षकांचा डिसेंबर 2024 चा अहवाल सांगतो की गोपनीयतेच्या अर्जांत, या नोंदी संसदेतल्या माणसांच्या आहेत, हे न्यायाधीशांना सांगितलंच नव्हतं.

नोव्हेंबर 2025 मध्ये सिनेटर्सनी अशा प्रकरणात किमान 5 लाख डॉलरच्या भरपाईसाठी दावा करण्याचा हक्क कायद्यात घालून घेतला. प्रतिनिधीगृहानं तो रद्द करण्याच्या बाजूनं 426 विरुद्ध 0 असं मत दिलं, आणि ते योग्यच होतं. पैशानं ही पळवाट बुजत नाही. नंबर कुणाचा आहे हे अर्जातच लिहिणं सक्तीचं केलं, तर सही करण्याआधी न्यायाधीश निदान एक प्रश्न विचारतील.