रानभाज्या तोंडाला चोळल्यानं वांग जातात का?

नमस्कार मंडळी! घोळ-पाथरीचा व्हिडिओ टाकला की खाली हमखास एक कमेंट येतेच, ताई याचा रस तोंडाला लावला तर वांग जातात का. तर आज तेच बोलू.

आपल्या कातडीला रंग मेलॅनिनमुळं येतो, अन् ते बनवायचं मेन काम टायरोसिनेज नावाच्या एन्झाइमचं, ज्याचं सगळं गाडं तांब्यावर चालतं. बटाटा चिरून ठेवला की काळा पडतो ना, ते पण याच्याच भाऊबंदातल्या एन्झाइममुळं. त्यावर लिंबू पिळलं की तो पांढरा राहतो, मग लोकं म्हणतात तोंडाला पण लिंबू चोळा. अजिबात नको! लिंबात, सालीत तर जास्तच, फ्युरोकौमरिन असतात, ते लावून उन्हात गेलात, अन् आपलं एप्रिलचं ऊन तुम्हाला माहितीये, तर कातडी भाजते, फोड येतात अन् मागं जो काळा डाग पडतो तो महिनोन्‌महिने हलत नाही. बांधावर ती काळ्या बियांची बावची उगवते बघा, तिच्यातलं सोरालेन, ते पण फ्युरोकौमरिनच, तर कोडावर रंग परत आणायला वापरतात, म्हणजे एकदम उलटं काम.

मग मेलॅनिन कमी करायला रानातलं कामाचं काय? आवळ्यात व्हिटॅमिन सी अन् एलॅजिक ॲसिड. जांभळातही एलॅजिक ॲसिड आहे. पण सगळ्यात भारी तुती, जालना-बीडकडं रेशमाच्या अळ्यांसाठी लावतात तीच. तिच्या लाकडात अन् मुळात ऑक्सिरेसव्हेराट्रॉल असतं, ते टायरोसिनेजला चांगलंच अडवतं.

पण थांबा, लगेच कुऱ्हाड घेऊन तुतीकडं पळू नका. यातल्या बऱ्याच टेस्ट अळिंबीतून काढलेल्या टायरोसिनेजवर, काचेच्या नळीत होतात, अन् माणसाचं टायरोसिनेज वेगळं असतं. क्रीममधलं कोजिक ॲसिड घ्या, ते बुरशीपासून मिळतं, अळिंबीच्या एन्झाइमवर जोरात चालतं, माणसाच्या एन्झाइमवर बरंच ढिलं पडतं. त्यात पाला वाटून लावला तर त्यातलं किती कातडीच्या आत उतरणार? जवळपास काहीच नाही राव.

घोळ कढईतच टाका, लसूण अन् मुगाची डाळ घालून, लई भारी लागते.

अन् मेडिकलवरून कुणाला न विचारता आणलेली ती गोरं करायची ट्यूब, तिच्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, सोडली की डाग परत. वांग असतील तर स्किनच्या डॉक्टरला दाखवा अन् बाहेर पडताना टिंट म्हणजे कातडीसारखा रंग असलेलं सनस्क्रीन लावा, कारण वांगाला नुसत्या यूव्हीनं नाही तर डोळ्याला दिसणाऱ्या उजेडानं पण जोर चढतो, अन् तो अडवायला टिंटमधलं आयर्न ऑक्साइड लागतं.