मातीचे वाळवण

श्रोतेहो, नमस्कार.

गणपती परवाच उठले आणि नवरात्राला आता जेमतेम पंधरवडा उरला आहे. या दिवसांत मांडवीच्या आसपास बाजारात चक्कर मारली, तर पांढरे रंगवलेले, अंगभर भोके असलेले गरबे मांडलेले दिसतात आणि त्यांच्या शेजारीच आपल्या घटस्थापनेचे साधे घटही असतात. गुजराती शेजारणीचा गरबो आणि आपला घट एकाच कुंभाराकडून येतो, ही बडोद्यातील मराठी घराला नवी गोष्ट नाही. मात्र ही दोन भांडी घरच्या टेबलावर, चाकाशिवाय, नुसत्या हातांनी करता येतात, हे पुष्कळांच्या मनात येत नाही, आणि ज्यांच्या मनात येते त्यांतील निम्मे लोक पहिल्या महिन्यातच हा नाद सोडून देतात. सोडण्याचे कारण बहुधा एकच असते. केलेली वस्तू तडकते. आज मी त्या तड्याविषयीच बोलणार आहे, कारण आकार देणे चार-दोन सुट्ट्यांत जमते, पण वाळवणे शिकायला मला तीन वर्षे लागली.

वाळवण हा शब्द आपल्या घरात पापड, कुरडया आणि सांडग्यांसाठी राखून ठेवलेला आहे. एप्रिल-मे महिन्यांत बडोद्याच्या गच्चीवरचे ऊन असे असते की सकाळी घातलेला पापड दुपारी कडकडीत होतो, आणि मीही पहिल्या उन्हाळ्यात केलेल्या सहा पणत्या त्याच हौसेने गच्चीवर नेऊन ठेवल्या. संध्याकाळी सहाच्या सहा पणत्यांच्या काठांवर केसासारख्या भेगा होत्या. आमच्या शेजारच्या काकूंनी त्या पाहून, "अहो, पापड वाकडा झाला तरी तळता येतो, पणतीचे काय करणार?" असे विचारले, आणि खरे सांगायचे तर मातीकामाचा माझा पहिला धडा मी त्यांच्याकडूनच घेतला.

कारण असे आहे. ओल्या मातीचे सूक्ष्म कण पाण्याच्या पातळ थरावर एकमेकांपासून थोडे दूर तरंगत असतात. ते पाणी उडून जाऊ लागले की कण जवळ येतात आणि माती आकसते. वाळताना आणि पुढे भाजताना मिळून बऱ्याचशा मातींमध्ये लांबीचा साधारण दहावा हिस्सा कमी होतो, म्हणजे दहा सेंटिमीटरची वाटी हाती येते तेव्हा नऊ सेंटिमीटरच्या आसपास असते. सगळी वाटी एकदम आकसली तर काहीच बिघडत नाही. पण काठ पातळ आणि उघडा असल्यामुळे आधी वाळतो, बूड जाड आणि टेबलाला चिकटलेले असल्यामुळे ओले राहते, आणि आकसलेला काठ न आकसलेल्या बुडाशी ओढाताण करू लागतो. त्या ओढाताणीत जो भाग हरतो तिथे तडा जातो. कपाचा कान तुटतो तोही याच कारणाने, कारण बारीक कान जाड कपाच्या आधी सुकतो.

म्हणून वाळवणाच्या बाबतीत मडक्याला पापडाचा नियम उलटा लागतो. वस्तू उन्हात ठेवू नये, पंख्याखाली तर मुळीच ठेवू नये. तयार झालेली वाटी वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवावी, म्हणजे आकसताना तिचे बूड कागदावर सरकू शकते, आणि वरून पातळ प्लास्टिकची पिशवी सैल पांघरावी. दुसऱ्या दिवशी काठाला स्वतःचा भार पेलण्याइतका ताठपणा आला की वाटी उपडी करावी, म्हणजे बुडाला हवा मिळते आणि काठाची घाई कमी होते. कानाभोवती दोन दिवस ओल्या फडक्याची पट्टी गुंडाळावी. पावसाळ्यात हे सारे दोन-दोन आठवडे चालते आणि तो वेळ कमी करण्याचा प्रयत्न करू नये. खरे तर आषाढ-श्रावणातील दमट हवा नवशिक्यासाठी मेपेक्षा कितीतरी दयाळू असते.

या सावकाश वाळण्याच्या मध्ये एक अवस्था येते, जिच्यासाठी मला वाटते हा सगळा खटाटोप करावा. माती ओली राहिलेली नसते आणि कोरडीही झालेली नसते, तर जाड चामड्यासारखी होते. बोटाने दाबली तर वाकत नाही, पण नख सहज उमटते. गरब्याची भोके याच वेळी पाडायची असतात. आदल्या दिवशी पाडली तर सळईबरोबर माती ओढली जाऊन भोकाच्या कडेला चिखलाची शेपटी लोंबते, आणि नंतरच्या दिवशी पाडायला गेले तर कपची उडते. नेमक्या दिवशी मात्र पोकळ नळी हलक्या हाताने फिरवत आत सारली की शेंगदाण्याएवढी गोल चकती स्वच्छ निघून तळहातावर पडते, आणि ती अजून गार असते. कान जोडणे, बूड खरवडून पातळ करणे, वर नक्षी कोरणे ही कामेही याच दिवसाची. जोडताना दोन्ही बाजूंना काट्याने आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात, त्याच मातीची दाट पेज लावावी आणि मग दाबावे. नुसते पाणी लावून चिकटवलेला कान आज बसतो आणि परवा पडतो.

माती कुठली घ्यावी, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. अंगणातली घेऊ नये, एवढेच सांगेन. आपल्या भागातील काळ्या कपाशीच्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. पाणी मिळाले की फार फुगणारी आणि गेले की फार आकसणारी ती माती शेताला चांगली असली तरी वाटीत तोच स्वभाव दाखवते. कुंभार अशा मातीत राख, लीद किंवा वाळू मिसळून तिला ताळ्यावर आणतात, पण ते ज्ञान पिढ्यांचे आहे. आपण चिनी मातीच्या कामासाठी मिळणारी तयार, मळलेली माती घ्यावी. गणपतीची शाडू मातीही शिकण्यासाठी चांगली, मात्र ती भाजण्याच्या भानगडीत पडू नये. मातीत बारीक चाळलेली भाजक्या विटेची भुकटी थोडी मिसळली, तर तिचे आकसणे कमी होते.

घरात भाजता येते का? नाही. स्वयंपाकघरातला ओव्हन अडीचशे अंशांच्या आसपास थांबतो, आणि मातीचे मडके व्हायला साधारण नऊशे ते हजार अंश सेल्सिअस उष्णता लागते. चकचकीत, पाणी न झिरपणाऱ्या, दगडासारख्या टणक होणाऱ्या मातीच्या भांड्यांना तर बाराशेच्या पुढे जावे लागते. म्हणून घरी करावे आणि विजेची भट्टी असलेल्या एखाद्या कार्यशाळेत, किंवा ओळखीच्या कुंभाराच्या निंभाड्यात, ज्याला आपण मराठीत आवा म्हणतो, त्यात भाजून घ्यावे.

पहिल्यांदा भाजायला दिले तेव्हा मी मोठी फजिती करून घेतली. एका भांड्याचे बूड अंगठ्याएवढे जाड ठेवले होते आणि वरून कोरडे दिसले म्हणून ते नेले. आत ओल होती. शंभर अंशांना पाण्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा लागते. ती जागा तिने माझ्या भांड्याचे तुकडे करून मिळवली आणि त्या तुकड्यांनी शेजारच्या दुसऱ्याच कुणाच्या दोन वाट्याही फोडल्या. त्या अनोळखी बाईंना माझ्या हातच्या दोन वाट्या करून दिल्या, त्या त्यांनी हसून घेतल्या, पण वापरल्या असतील असे वाटत नाही. तेव्हापासून मी प्रत्येक वस्तू भट्टीत देण्याआधी गालाला लावून पाहतो. गालाला गार लागली, तर आतून पाणी अजून उडते आहे असे समजावे. खोलीइतकीच कोमट लागली, तर ती वाळली.

एवढे करूनही एखादी वस्तू तडकतेच. तिला पेज लावून बुजवत बसू नये, तडा पुन्हा त्याच जागी उघडतो. तिला पूर्ण, खडखडीत वाळू द्यावे आणि मग बादलीतल्या पाण्यात सोडावे. घरच्या बादलीत विसर्जन केलेला शाडूचा गणपती जसा विरघळतो, तशी ती काही तासांत मऊ गाळ होऊन बसते. अर्धवट ओली टाकली तर मात्र दिवसेंदिवस गोळेच राहतात, म्हणजे मोडायलाही आधी वाळवावे लागते. वरचे पाणी ओतून गाळ जुन्या सुती कापडावर पसरला की आठवड्याभरात पुन्हा मळण्याजोगी माती मिळते. ती बादली मोरीत रिकामी करू नये, आमच्या घरी यावरून एकदा प्लंबरला बोलवावे लागले आहे. आणि टेबलावर सुकलेली माती झाडूने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी, कारण तिच्या धुळीतील सिलिका फुप्फुसांना घातक असते.

या शहरात मातीकडे गंभीरपणे पाहण्याची सवय जुनी आहे. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या काळात १८९० साली इथे कलाभवन सुरू झाले, तेव्हा हाताचे काम वर्गात बसून शिकायचे असते, ही कल्पनाच नवी होती. पुढे महाराज सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत ज्योत्स्ना भट्ट यांनी अनेक वर्षे मातीकाम शिकवले. २०२० साली त्या गेल्या. त्यांनी केलेली मांजरे आणि घुबडे मी प्रदर्शनात पाहिली आहेत. ती पाहताना वाटते की हा प्राणी आता उठेल, पण घाई मुळीच करणार नाही.

भाजून आलेले भांडे पक्के आहे की नाही, हे ओळखायला संत गोरोबाकाकांचे थापटणे आपल्याला ठाऊकच आहे. संतांच्या मेळाव्यात त्यांनी एकेकाच्या डोक्यावर ते हलकेच मारून कच्चे-पक्के मडके ठरवले, अशी ती गोष्ट आहे. आपण बोटाच्या पेराने टिचकी मारावी. पक्के भांडे खणखणते, आतून तडा असलेले भांडे बद्द वाजते. घरी आणलेली पणती वापरण्याआधी तासभर पाण्यात भिजवावी, म्हणजे ती तेल पीत बसत नाही.

माझ्या देवघराखालच्या कप्प्यात या वर्षीचा गरबो सध्या उपडा ठेवला आहे. त्याला एकवीस भोके आहेत आणि एक थोडे वाकडे गेले आहे. आज सकाळी तो गालाला लावून पाहिला तेव्हा गार लागला, म्हणून भट्टीवाल्यांना मी आणखी चार दिवस मागून घेतले आहेत.

नमस्कार.