डासाच्या पोटावरचे लाल मणी

श्रोतेहो, नमस्कार. तळ्याकाठी पकडलेला डास भिंगाखाली धरला, तर कधी कधी त्याच्या पोटावर लाल-नारिंगी मणी चिकटलेले दिसतात. ती डासाची अंडी नव्हेत. ते आहेत पाण्यात राहणारे माइट, कोळ्यांचे सूक्ष्म भाऊबंद. डासांवर नेहमी सापडते ती त्यांची अरेन्युरस ही प्रजाती.

माइटची सहा पायांची अळी पाण्यात डासाचा कोष गाठते आणि त्याला धरून बसते. तेव्हा ती काही खात नाही, फक्त वाट पाहते. कोष फाटून डास बाहेर निघू लागला की तेवढ्याच वेळात ती त्याच्या अंगावर सरकते, मऊ कातडीत तोंड रोवते आणि शरीरद्रव पिऊन फुगते. डासाची मादी अंडी घालायला पाण्यावर आली की माइट सुटतो. नरावरचे बहुतेक फुकट जातात. नर सहसा पाण्याकडे परततच नाही. म्हणून अंगावर माइट असलेल्या मादीने बहुधा अजून एकदाही अंडी घातलेली नसतात, आणि डासांचं वय ठरवताना ही खूण फार उपयोगी पडते.

एखाद-दुसऱ्या माइटने डासाचं फारसं बिघडत नाही. ओझं वाढलं की मात्र मादी कमी जगते, अंडीही कमी घालते.

तुमच्या तळ्यात ते आहेत का? काठच्या गवतालगतचं पाणी पांढऱ्या ताटात घ्या. ड्रॉपरने डासांचे कोष उचलून बरणीत ठेवा, तोंडाला जाळी बांधा. दोन-तीन दिवसांत डास निघतील. बरणी फ्रीजरमध्ये ठेवून ते मारा आणि दहापट भिंगाखाली पोट व मान तपासा. किती डासांवर माइट आहेत आणि एकेकावर किती, दोन्ही लिहून ठेवा.

डास कमी करण्यासाठी माइट वाढवून सोडणं अवघड आहे. अळीला जिवंत डासच लागतो, म्हणजे आधी डास पाळा! शिवाय टायर, कुंड्या, पिंप यांतल्या डासांवर ते क्वचितच सापडतात. तिथे पाणी ओतून देणं हाच उपाय. कायम पाणी असलेल्या तळ्यात मात्र आहेत ते जपावेत. सरसकट कीटकनाशक ओतलं तर माइटही मरतात. फवारावंच लागलं तर बीटीआय हे जिवाणूजन्य औषध निवडा. ते प्रामुख्याने डासांच्या आणि त्यांच्या नात्यातल्या माशीवर्गीय कीटकांच्या अळ्यांवरच चालतं.