आवाज आला तरी वाट सोडू नका

धबधब्याकडे जाणारी वाट पहिला पाऊण तास चांगली मळलेली होती. मग ओढा आडवा आला, आणि पलीकडच्या काठावर वाटच दिसेना. नकाशात मात्र तुटक रेघ तशीच पुढे गेलेली.

अशा वाटेची निगा फारशी कोणी राखत नाही. एका पावसाळ्यात गवत ती गिळून टाकतं. झाड आडवं पडलं की लोक वळसा घालतात, आणि तो वळसाच पुढे वाट होऊन बसतो.

खुणा असतात, पण शोधाव्या लागतात. हा ओंडका बघा. कापलेली बाजू सपाट आहे. वाऱ्यानं मोडलेलं लाकूड असं दिसत नाही, ही करवत आहे. इथे मुळांची साल पावलांनी घासून गुळगुळीत झाली आहे. आणि ही दगडावर दगड रचून केलेली खूण. हिच्यावर माझा तितकासा भरवसा नाही, फोटोसाठी दगड रचणारेही पुष्कळ असतात. ढोरवाटा तर हमखास फसवतात. अगदी ठळक दिसतात, पण जनावर झुडपाखालून निघून जातं आणि आपली सॅक अडकते.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये चालीचा एक हिशोब मांडला: तासाला साधारण ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. इथे दोन तासांत आम्ही जेमतेम अडीच किलोमीटर आलोय, तेही चढ फारसा नसताना.

आता धबधब्याचा आवाज येतोय. चुकायची जागा हीच. वाट उगाच लांबून चालली आहे असं वाटतं आणि माणूस आवाजाच्या रोखानं सरळ उतरायला लागतो. पण धबधबा आहे म्हणजे कडा आहे. बऱ्याच ठिकाणी वर कठीण खडकाचा थर असतो, खाली मऊ. पाणी खालचा थर पोखरत जातं, वरचा अधांतरी राहतो आणि एक दिवस कोसळतो. नायगारा असाच सुमारे १२,००० वर्षांत ११ किलोमीटर मागे सरकला. काठावर उभं राहिल्यावर पायाखाली किती खडक उरलाय, हे वरून कळत नाही. वाट लांबून जाते ती त्यासाठीच.

शेवटचा ओढा, गुडघाभर पाणी. सॅकचा कंबरपट्टा आधी सोडायचा. पाय गेलाच तर सॅक टाकून देता आली पाहिजे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. आणि पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहून येऊ लागल्या, तर वर कुठेतरी पाऊस झालाय. अशा वेळी पाण्यात पाय घालायचा नाही.

झाडी संपली. इथे मी थोडा वेळ गप्प बसतो.

डोहात उतरायचा मोह होतो. पण धारेखालच्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, ते अंग नीट तोलून धरत नाही. बूट काढून काठावरच बसलोय.

पावणेदोन झाले. दोनला निघायचं, हे सकाळीच ठरलंय. येताना दर वळणावर मागे वळून एकेक फोटो काढला होता, कारण उलट्या दिशेनं तीच वाट अनोळखी वाटते. शेवटचा फोटो ओढ्याचा आहे. आता तो पहिला.